माळढोक आणि तणमोर : हिंगोलीच्या माळावरील दोन शब्दांचा इतिहास

हिंगोली जिल्ह्याचा भूगोल तीन नद्यांनी आखलेला आहे. उत्तर आणि पूर्व सीमेवरून पैनगंगा वाहते, दक्षिणेकडून पूर्णा जाते आणि या दोहोंच्या मधून कयाधू हिंगोली-कळमनुरीचा परिसर ओलांडत पैनगंगेकडे वळते. नद्यांच्या काठची जमीन काळी व खोल आहे. परंतु दोन खोऱ्यांच्या मध्ये जो उंचवटा राहतो, विशेषतः सेनगाव, औंढा नागनाथ आणि कळमनुरी या तालुक्यांत, तेथे मातीचा थर पातळ होतो, मुरूम वर येतो आणि पावसाळ्यानंतर कुसळी, पवन्या, मारवेल अशा गवतांखेरीज फारसे काही टिकत नाही. अशा जमिनीला या भागात माळ किंवा बरड म्हणतात. मराठीत गवताळ प्रदेशातील पक्ष्यांची जी नावे रूढ आहेत, त्यांतील सर्वांत ठळक नाव या जमिनीच्या नावावरूनच सुरू होते, आणि म्हणून माळढोक या शब्दाचा अर्थ लावू पाहणाऱ्याला आधी माळाचा अर्थ लावावा लागतो.

माळ हा शब्द मराठीत दोन लिंगांत आढळतो. स्त्रीलिंगी माळ ही फुलांची किंवा मण्यांची. पुल्लिंगी माळ म्हणजे उंचावरची, मोकळी, हलक्या मातीची आणि पाण्यापासून दूर असलेली जमीन. हा दुसरा अर्थ जुना आहे. कालिदासाच्या मेघदूतात रामगिरीहून निघालेल्या मेघाच्या वाटेवर जे उंचवट्यावरचे क्षेत्र लागते, त्याला ‘माल’ असेच म्हटले आहे, आणि मल्लिनाथाने त्याचा अर्थ डोंगराळ व उन्नत स्थळ असा दिला आहे. रामगिरी म्हणजे रामटेक ही सर्वसाधारणपणे मान्य झालेली ओळख स्वीकारली, तर या शब्दाचा एक प्राचीन वापर विदर्भाच्याच परिसरात झालेला दिसतो. मराठीने त्यात एक विरोध भरला. माळ आणि मळा या दोन शब्दांत ऱ्हस्व-दीर्घाचा काय तो फरक, पण एक कोरडी जमीन आणि दुसरी विहिरीच्या वा पाटाच्या पाण्यावर भिजणारी. ‘माळावर मळा फुलवला’ हे वाक्य मराठीत कौतुकाचे आहे, आणि ते कौतुक खोटे नाही, कारण दुष्काळ पाहिलेल्या प्रदेशात पाणी आणणारा माणूस मोठाच ठरतो. परंतु या वाक्यात माळाला स्वतःचे असे काही मोल नाही, मळा होईपर्यंत वाट पाहणारी ती जागा आहे, असे गृहीत धरलेले असते. आणि या गृहीताचा पुढील हकिकतीशी जवळचा संबंध आहे.

शब्दाचा दुसरा भाग ढोक, जुन्या लेखनात ढोंक. हा पाणथळीचा शब्द आहे. लांब मान, लांब पाय आणि भाल्यासारखी चोच असलेल्या, उथळ पाण्यात स्तब्ध उभ्या राहणाऱ्या मोठ्या पक्ष्याला, म्हणजे बगळा व करकोचा या कुळांतील पक्ष्यांना, मराठी बोलींतून ढोक म्हटले जाते, आणि तळ्याकाठी अंग आखडून बसणाऱ्या वंचक नावाच्या लहान बगळ्याला ढोकरी हे त्याचेच लहान रूप मिळाले आहे. अर्धमागधीतील सूत्रकृतांग या जैन आगमात मासे टिपण्यासाठी टपून बसलेल्या पक्ष्यांची जी नावे येतात, त्यांत ‘ढंक’ हे एक आहे; मराठी ढोंक या शब्दाचा वंश त्याच्याशी जोडणे ध्वनी आणि अर्थ या दोन्ही दृष्टींनी स्वाभाविक वाटते. तेव्हा माळढोक या समासाचा सरळ अर्थ ‘माळावरचा ढोक’ असा होतो, आणि तो वरवर पाहता विसंगत आहे, कारण ढोक पाण्याशिवाय राहत नाही आणि माळावर पाणी नसते.

प्राणिशास्त्राच्या दृष्टीने तर हा पक्षी ढोकांपैकी नाहीच. बगळे आणि करकोचे झाडांवर बसतात, झाडांवर घरटी बांधतात, आणि त्यांच्या पायाला मागचे बोट असते, ज्याच्या जोरावर फांदी पकडता येते. माळढोकाला मागचे बोट नसते. पुढची तीनच बोटे असल्यामुळे तो झाडावर बसू शकत नाही, आणि त्याचे सारे आयुष्य जमिनीवर जाते. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. नर मादीहून बराच मोठा असतो, त्याची उंची सुमारे एक मीटर आणि वजन पंधरा किलोंच्या आसपास जाऊ शकते, त्यामुळे उडू शकणाऱ्या जड पक्ष्यांत त्याची गणना होते. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे, धान्य, भुईमुगाचे दाणे असे जे माळावर व त्याच्या कडेच्या शेतात मिळेल ते तो खातो. मासे टिपणाऱ्या ढोकाशी त्याचे साम्य आहे ते फक्त आकृतीचे आणि चालीचे. दूरवरून पिवळ्या गवताच्या वर पांढुरकी उंच मान दिसते आणि ती सावकाश पुढे सरकते. पाहणाऱ्याला पाण्याकाठचा ढोक ओळखीचा असेल, तर या अनोळखी पक्ष्यासाठी दुसरी उपमा शोधावी लागत नाही.

मराठीत अशी नावे पुष्कळ आहेत. पाणकोंबडी, रानकोंबडी, पाणकावळा या शब्दांत घराजवळचा पक्षी घेऊन त्याला दूरच्या जागेचे नाव जोडले आहे. माळढोकात हा प्रवास उलट दिशेने झालेला दिसतो: पाण्यावरचा पक्षी कोरड्यावर आणला आहे. नाव ठेवणारे लोक नदीकाठी राहत होते आणि गुरे चारण्यासाठी माळावर जात होते, असा निष्कर्ष यावरून काढण्यास हरकत नाही. कयाधू आणि पूर्णेच्या खोऱ्यांतील वस्तीची रचना आजही काहीशी अशीच, गाव काळ्या रानात आणि गुरांची वाट बरडाकडे, अशी आहे.

या नामकरणाला चूक म्हणावे, तर ती चूक पुष्कळांनी केली आहे. निकोलस व्हिगर्स या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने 1831 मध्ये या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन करून त्याला ओटिस नायग्रिसेप्स, म्हणजे काळ्या डोक्याचा ओटिस, असे नाव दिले, आणि जॉन गूल्डने हिमालयातील पक्ष्यांवर काढलेल्या चित्रग्रंथात तो समाविष्ट झाला, वास्तविक हा पक्षी हिमालयाचा नव्हे, सपाट कोरड्या मैदानांचा. पुढे 1853 मध्ये ल माऊ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने अरबस्तानातील याच्या नातलगासाठी आर्डिओटिस ही प्रजाती निर्माण केली, आणि माळढोकही कालांतराने तीतच गेला. आर्डिओटिस हा जोडशब्द आहे: लॅटिन ‘आर्डिया’ म्हणजे बगळा आणि ग्रीक ‘ओटिस’ म्हणजे माळढोकाच्या कुळातील पक्षी. फ्रेंच पंडिताने लॅटिन आणि ग्रीक खर्ची घालून जे म्हटले, ते मराठी गुराख्याने दोन देशी शब्दांत म्हटले होते. कन्नड भाषेत या पक्ष्याला हेब्बक म्हणतात आणि त्यातही ‘बक’, म्हणजे बगळाच, बसलेला आहे. ऑस्ट्रेलियात गेलेल्या इंग्रज वसाहतवाल्यांना याच प्रजातीतील पक्षी भेटला तेव्हा त्यांना बगळा आठवला नाही, टर्की कोंबडी आठवली, आणि त्यांनी त्याला मैदानी टर्की म्हटले. त्यांच्या मनात तळे नव्हते, ताट होते.

बाबराच्या बाबतीतही हेच घडले. हिंदुस्थानातील पशुपक्ष्यांचे वर्णन करताना बाबरनाम्यात ‘खरचाल’ नावाचा पक्षी येतो, आणि तो आपल्या देशातील तुगदाकाएवढा असून हिंदुस्थानचा तुगदाकच दिसतो, अशी ओळख बाबर करून देतो. त्याच्या सर्व अंगाचे मांस उत्तम असते, हेही तो सांगतो. तुगदाक हा मध्य आशियातील मोठा माळढोक. या तुर्की शब्दाच्या कुळातील तुगदर, तोकदार ही रूपे पुढे मुसलमान शिकाऱ्यांच्या तोंडी भारतभर पसरली आणि दख्खनमध्येही आली. हिंगोलीचा प्रदेश 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे राज्यकारभाराची भाषा 1884 पर्यंत फारसी व त्यानंतर उर्दू होती, गावची भाषा मराठी होती, आणि संस्थानाच्या पूर्वेस तेलुगू व नैर्ऋत्येस कन्नड बोलली जात होती. त्यामुळे एकाच राज्यात एकाच पक्ष्याला शिकारी तोकदार म्हणत, मराठी शेतकरी माळढोंक म्हणे, तेलुगू माणूस बट्टमेक म्हणे, ज्यातील ‘मेक’ म्हणजे शेळी, आणि कन्नड माणूस हेब्बक. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी पक्षीग्रंथांत मराठी नावांखाली हूम, कराढोंक अशीही रूपे नोंदलेली आढळतात. यांपैकी हूम हे ध्वनीवरून पडलेले नाव आहे. विणीच्या काळात नर गळ्याखालची पिशवी फुगवून, ती जवळजवळ जमिनीपर्यंत लोंबती ठेवून, दूरवर जाणारा खोल घुमारा काढतो, आणि हूम हे त्याचेच अनुकरण आहे. हे नाव मराठीतून नाहीसे झाले, याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही: ज्याचा आवाज ऐकू येईनासा झाला, त्याचे आवाजावरून पडलेले नाव टिकणे कठीण, आकृतीवरून पडलेले नाव मात्र पुस्तकातील चित्रावरही जगू शकते.

या इंग्रजी पक्षीग्रंथांचे कर्ते बहुतेक लष्करी छावण्यांतील माणसे होती, आणि हिंगोली ही अशीच एक छावणी होती. हैदराबाद कंटिंजंट नावाची जी फौज निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली ठेवलेली होती, तिचे हिंगोली हे एक महत्त्वाचे ठाणे होते, आणि 1903 मध्ये ती फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन होईपर्यंत ते टिकले. घोडदळाला गवत लागते, म्हणून छावणीच्या आसपासच्या कुरणांना महत्त्व असे. अधिकाऱ्याला करमणूक लागते, म्हणून त्याच कुरणांत शिकार चाले. मुंबई इलाख्यात सांख्यिकी पाहणी करणाऱ्या कर्नल विल्यम साइक्सने दख्खनमधील पक्ष्यांची जी यादी 1832 मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात माळढोक सामान्यपणे आढळत असल्याचे नमूद असून एका गृहस्थाने जवळजवळ हजार माळढोक मारल्याचाही उल्लेख येतो. दख्खनमध्ये काही वर्षे लष्करी शल्यचिकित्सक म्हणून राहिलेल्या टॉमस जर्डनने 1862 ते 1864 या काळात भारतातील पक्ष्यांवर जो मोठा ग्रंथ काढला, त्यात पंचवीस व त्याहून अधिक माळढोकांचे थवे पाहिल्याचे तो लिहितो. संपूर्ण देशात मिळून आज जेवढे माळढोक उरले आहेत असे मानले जाते, ती संख्या दीडशेच्या आसपास आहे. त्यांतील बहुतेक राजस्थानातील जैसलमेर जिल्ह्यात आहेत.

शिकार हे ऱ्हासाचे एक कारण झाले, परंतु माळढोक या शब्दाच्या इतिहासात शिकाऱ्याइतकेच मेंढपाळ आणि पारधी महत्त्वाचे आहेत, कारण नावे त्यांनी सांभाळली. हिंगोली, नांदेड आणि परभणी या पट्ट्यात हटकर समाजाची मोठी वस्ती आहे. मेंढपाळी आणि लढवय्येपणा या दोन्ही परंपरा असलेला हा समाज इतका प्रबळ होता, की 1819 मध्ये नव्ह्याच्या गढीत ठाण मांडून बसलेल्या नौसाजी नाईक या हटकर पुढाऱ्याविरुद्ध हैदराबादच्या फौजेला वेढा घालावा लागला. फासेपारधी हा दुसरा समाज. फास, म्हणजे बारीक दोरीच्या सरकत्या गाठी, जमिनीवर रांगेने रोवून तितर, लावे यांना त्याकडे हाकण्याची त्यांची कला होती, आणि त्यावरूनच त्यांचे नाव पडले. त्यांची बोली गुजराती-राजस्थानी वळणाची असल्यामुळे पक्ष्यांच्या नावांचा एक वेगळा साठा त्यांच्याबरोबर दख्खनमध्ये आला. इंग्रज अमदानीत गुन्हेगार जमात ठरवलेल्या आणि 1952 मध्ये त्या कायद्यातून मुक्त झालेल्या या लोकांचे पक्षीज्ञान फार उशिरा ज्ञान म्हणून मानले गेले. हिंगोलीला लागून असलेल्या वाशीम आणि त्यापलीकडील अकोला जिल्ह्यात फासेपारध्यांच्या मदतीने गवताळ कुरणे राखण्याचे आणि तणमोराच्या नोंदी ठेवण्याचे काम कारंजा लाड येथील संवेदना या संस्थेने केले आहे, आणि विदर्भातील तणमोराविषयीच्या माहितीत या कामाचा वाटा मोठा आहे.

तणमोर हे या कुळातील दुसरे नाव, आणि भाषेच्या दृष्टीने ते माळढोकापेक्षा अधिक बोलके आहे. हा पक्षी माळढोकाच्याच कुळातील, परंतु आकाराने कोंबडीएवढा. एरवी तो गवतात दडून असतो. पावसाळ्यात मात्र काळ्या रंगाचा, डोक्यामागे मोरपिसासारखे बारीक तुरे असलेला नर गवताच्या वर सरळ उडी घेतो, क्षणभर हवेत पंख फडफडवतो आणि पुन्हा गवतात नाहीसा होतो. विणीच्या दिवसांत तो अशा शेकडो उड्या रोज मारतो. गवताच्या वर तुरे दाखवून नाचणारा म्हणून तो मोर, आणि गवतातला म्हणून तणमोर. हिंदीत त्याला खरमोर व गुजरातीत खडमोर म्हणतात. खर आणि खड या दोन्ही शब्दांचा अर्थ गवत असाच असल्यामुळे तिन्ही भाषांत हे एकच नाव आहे, असे म्हणावयास हवे. मुसलमान शिकारी त्याला चरस म्हणत, आणि बाबरनाम्यात येणारे ‘चर्ज’ हे त्याच शब्दाचे फारसी रूप आहे.

आता तण या शब्दाकडे पाहावे. संस्कृत तृण याचे प्राकृत रूप तण, आणि त्याचा अर्थ नुसते गवत. मराठी शेतीच्या भाषेत मात्र त्याला निराळे वळण लागले: पिकात उगवणारे, पिकाचे अन्न खाणारे, खुरपून काढावयाचे ते तण. ‘तण खाई धन’ ही म्हण याच अर्थावर उभी आहे. गवताला मराठीने गवत, चारा, वैरण असे अनेक शब्द दिले, आणि तण या जुन्या शब्दाकडे फक्त शत्रुत्व उरले. तणमोर या समासात मात्र जुना, निर्वैर अर्थ जिवाश्मासारखा टिकून आहे. आजच्या शेतकऱ्याने हा शब्द पहिल्यांदा ऐकला, तर त्याला त्याचा अर्थ ‘तणात राहणारा मोर’ असा लागेल, आणि तण म्हणजे काय हे त्याला तणनाशकाच्या बाटलीवरून ठाऊक असेल. शब्दार्थाच्या या बदलात शेतीचा बदल दडलेला आहे. मराठवाड्यात खरीप ज्वारी, तूर आणि कपाशी यांच्या मिश्र पिकांत बांध रुंद असत, बांधावर गवत राहत असे, आणि पडीत टाकलेल्या तुकड्यांत पक्ष्याला आडोसा मिळत असे. 1990 नंतर सोयाबीन सलग पसरले, बांध आक्रसले, आणि वसमत तालुक्यात पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यांवर हळद व उसाची राने उभी राहिली. वसमतची हळद आज जिल्ह्याची ओळख आहे आणि तिच्यात वाईट असे काहीच नाही. येथे एवढेच नोंदवायचे आहे की तण या शब्दाला गवत या अर्थाने उभे राहावयास जिल्ह्यात जागा उरली नाही.

गवताळ माळाच्या लहान पक्ष्यांची नावे या दोन मोठ्या नावांइतकी प्रसिद्ध नाहीत, पण त्यांत लोकनिरीक्षणाची धार अधिक आहे. चिमणीएवढा, राखी डोक्याचा आणि काळ्या पोटाचा एक चंडोल माळावरून सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीला लागता लागता पुन्हा वर उसळतो, आणि हा खेळ कितीतरी वेळ चालवतो. त्याला मराठीत डोंबारी म्हणतात, कसरतीचे खेळ करून पोट भरणाऱ्या डोंबाऱ्यावरून. उडण्यापेक्षा धावून संकट टाळणारा तो धाविक. सकाळी ठरलेल्या वेळी थव्याने पाणवठ्यावर येणारी ती पखुर्डी. हिवाळ्यात ज्वारीच्या कणसांवर ढगासारख्या उतरणाऱ्या भोरड्या तर गोफण घेऊन माळ्यावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक राखणदाराला ठाऊक होत्या. मारुती चितमपल्ली यांच्या पक्षीकोशासारख्या ग्रंथांनी अशी नावे एकत्र करून त्यांना लेखी आधार दिला हे खरे. तथापि कोशात गेलेला शब्द आणि रानात उच्चारला जाणारा शब्द यांची प्रकृती एक नसते, आणि शहरी पक्षीनिरीक्षकांच्या याद्यांतून परत गावाकडे येणारी प्रमाण नावे कधी कधी गावातील जुन्या नावाला बाजूलाही सारतात.

माळ या शब्दाचे कागदोपत्री काय झाले, हे पाहिल्याशिवाय ही हकिकत पुरी होत नाही. महसूल खात्याच्या दप्तरात माळ नावाचा जमिनीचा प्रकार नाही. तेथे गायरान आहे, म्हणजे गावाच्या गुरांसाठी राखलेली सार्वजनिक चराई, कुरण आहे, आणि पडीक आहे. माळाचा बराच मोठा भाग या पडीक सदरात पडला, आणि जी जमीन पडीक, ती कोणत्या तरी कामाला लावणे हे पुण्यकर्म ठरले. तिच्यावर झाडे लावावीत, असे वनीकरणाच्या योजनांना वाटले. परंतु उघड्या माळावर ओळीने लावलेली झाडे माळढोकासारख्या, दूरवर नजर टाकून जगणाऱ्या पक्ष्याला कुंपणासारखी असतात. गायरानाची कथा याहून अवघड आहे. मराठवाड्यातील भूमिहीन दलित कुटुंबांना गायरान हीच कसण्याजोगी जमीन मिळण्याची एकमेव आशा होती. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली 1950 च्या दशकात मराठवाड्यात आणि 1964-65 मध्ये राज्यभर भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, आणि त्यानंतरच्या शासननिर्णयांत 14 एप्रिल 1990 पूर्वीची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण 1991 मध्ये आले. ज्यांना गावाने काळ्या रानात वाटा दिला नाही, त्यांनी मुरमाड गायरान फोडून पोट भरले, याबद्दल त्यांना गवत नष्ट केल्याचा दोष देणे हे न्यायाचे होणार नाही. माळ संपण्याचा जमाखर्च मांडताना कालवे, वीजवाहिन्या, खाणी आणि सलग पिके यांची नोंद आधी यावयास हवी.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माळढोक हा शब्द रानातून कायद्यात गेला. भारताचा राष्ट्रीय पक्षी निवडण्याची चर्चा चालू असताना सलीम अली यांनी माळढोकाचा पुरस्कार केला होता. याच सलीम अलींनी 1931-32 मध्ये निजाम सरकारच्या साहाय्याने हैदराबाद संस्थानाची पक्षीपाहणी केली होती, त्यामुळे दख्खनचे माळ त्यांच्या परिचयाचे होते. 1963 मध्ये निवड मोराची झाली. माळढोकाचे इंग्रजी नाव ‘बस्टर्ड’ एका अक्षराने चुकले तर शिवी होते, ही अडचण त्या चर्चेत सांगितली जात असे, अशी कथा प्रचलित आहे. मराठी नावाने विचार झाला असता तर निदान ही भीती नव्हती. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात माळढोक व तणमोर हे दोन्ही पक्षी पहिल्या अनुसूचीत आले. त्याच सुमारास सोलापूरचे शिक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळावरील माळढोकांकडे लक्ष वेधले, आणि 1979 मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक पक्षी अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे 8,496 चौरस किलोमीटर होते. त्यात गावे, शहरे, रस्ते, शेते असे सर्व काही येत असल्यामुळे जमिनीची खरेदी-विक्री आणि बिगरशेती परवानगी यांना अडथळे येऊ लागले, आणि त्या तालुक्यांत माळढोक हा शब्द पक्ष्याऐवजी निर्बंधाचे नाव म्हणून उच्चारला जाऊ लागला. शेवटी 2012 च्या सुमारास हे क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरपर्यंत घटवण्यात आले. तोपर्यंत नान्नजचे पक्षी बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते. माळढोक 2011 पासून आणि तणमोर 2021 पासून अत्यंत संकटग्रस्त पक्ष्यांच्या जागतिक यादीत आहेत.

हिंगोली जिल्हा या अभयारण्याच्या नकाशात कधीच नव्हता, आणि 1 मे 1999 रोजी परभणीपासून वेगळा होऊन तो अस्तित्वात आला तेव्हा माळढोक हा शब्द येथे बहुतेकांना शाळेच्या पुस्तकातून आणि वर्तमानपत्रांतूनच भेटत होता. शब्दाचा पहिला भाग मात्र बोलीत जिवंत आहे: गुरे माळाला जातात, पाऊस माळावरून येताना दिसतो, आणि हलक्या जमिनीला अजूनही बरडच म्हणतात. दुसरा भाग ढोक हाही येलदरी, सिद्धेश्वर आणि इसापूर या धरणांच्या उथळ काठांवर हिवाळ्यात वेगवेगळ्या रूपांत उभा असतो. दोन्ही पदे शिल्लक आहेत. त्यांचा समास मात्र ज्याच्यासाठी झाला, तो पक्षी नाही.

माळ हे पूर्वपद नावात घेऊन या जिल्ह्यात आज सहज भेटणारा पक्षी म्हणजे माळटिटवी. चोचीच्या मुळाशी पिवळी गाठ असलेली ही टिटवी पाण्याजवळच्या टिटवीहून निराळी आहे. ती कोरड्या मुरमावर राहते, उन्हाळ्यात उघड्यावरच खड्यांच्या रंगाची चार अंडी घालते, आणि जवळ आलेल्या माणसाला ओरडून दूर नेते.